आठ खुर्च्या आणि स्नेहलचा पगार

२७ सप्टेंबर

नवी वही, म्हणून नीट सुरुवात करते. वही शांतारामांनीच आणून दिली. म्हणाले, "जेवताना मला जे सांगत बसतेस ते यात लिही, म्हणजे मला आमटीची चव तरी कळेल." अणुकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून आमचे हे गृहस्थ दिवसाला चार वाक्यं बोलतात आणि त्यातली दोन अशी असतात.

आज 'अंगण'मध्ये परत खीर-वडे आले. पितृपक्ष लागला की बोईसरमधल्या भल्या माणसांना आमची मुलं आठवतात. कुणाच्या सासऱ्यांचं श्राद्ध, कुणाच्या आजेसासूचं. कावळ्याचा घास ठेवून झाला की उरलेलं पातेलं रिक्षात घालून आमच्याकडे. मुलं आता खीर बघून तोंड फिरवतात. बबलूचं तर पोट बिघडलं. मी प्रत्येकाला हात जोडते आणि म्हणते, मुलांकडून व्यायाम करून घेणाऱ्या ताईंच्या पगाराला थोडा हातभार लावलात तर फार बरं होईल. त्यावर ते पातेलं रिकामं करून मागतात.

'अंगण' म्हणजे मंगल कार्यालयाच्या मागची पत्र्याची शेड. ज्या मुलांना चालता येत नाही, हात वळत नाहीत, अशी मुलं सकाळी येतात, दुपारी जातात. कॉलनीत महिला मंडळाची सेक्रेटरी होते तेव्हा मी हे सुरू केलं. हळदीकुंकवाच्या वाणांत पैसा घालवण्यापेक्षा काहीतरी करू या म्हणून. आता मंडळ राहिलं बाजूला आणि हे गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं फक्त इथेच लिहिते.

खरी गोष्ट अशी की आमचा आधार गेला. रंगाचा छोटा कारखाना असलेले एक शेठ इतकी वर्षं स्नेहलचा पगार देत होते. त्यांनी कारखाना विकला आणि मुलाकडे बडोद्याला गेले. जाताना स्वतः येऊन सांगितलं, एवढा सभ्यपणा केला. स्नेहल म्हणजे आमची फिजिओथेरपिस्ट, सफाळ्याहून येते. ती आहे म्हणून 'अंगण' आहे. नाहीतर आम्ही नुसतं पाळणाघर.

१९ ऑक्टोबर

नवरात्रात मंडळामंडळांतून फिरले. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, एका ठिकाणी व्यासपीठावर बसवून नारळ दिला. शिल्लक राहिली तर बघू म्हणाले. डीजेवाल्याला देऊन शिल्लक कशी राहणार?

दुकानदार बरे, ते लगेच देतात. पण देतात जुने कपडे. आज दोन पोती आली. एकात कुणाच्या तरी लग्नातला कोट होता, एका बाहीला हळद लागलेली. बबलूने तो घातला आणि दिवसभर काढला नाही. तेवढंच हसलो.

स्नेहलचा पगार देता आला नाही. ती काही बोलली नाही. हिच्या न बोलण्याचा मला राग येतो.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. वैभवी सुट्टीनंतर आज आली. ही चिंचणीची, आठ वर्षांची. वडील कैलास दुसऱ्याच्या वाडीत फुलं आणि भाजी करतात, आई दमयंती हार-वेण्या करून विकते. जन्मल्यावर रडायला उशीर झाला आणि पाय कायमचे आवळले गेले. पहिल्यांदा आली तेव्हा एका गुडघ्यावर दुसरा गुडघा चढलेला, सोडवताना किंचाळायची. शांतारामांनी पाण्याचे पाइप कापून दोन समांतर दांड्या करून दिल्या. त्या धरून स्नेहलने तिला वर्षभर नुसतं उभं राहायला शिकवलं.

आज वैभवी त्या दांड्यांमधून चालली. फरफटत का होईना, पण चालली. टोकाला पोहोचल्यावर मागे वळून बघितलं, जणू मागून कुणी दुसरंच येत होतं. दमयंती दाराशी उभी होती. ती पदराने हारांच्या टोपलीचा काठ पुसत राहिली.

मी रडले. कबूल करते.

२१ नोव्हेंबर

देव आहे.

आज एका केमिकल कंपनीचा माणूस आला. सुजित नाव, तरुण आहे, बोलायला गोड. मुलांचं सगळं बघितलं. वैभवीची चप्पल कपाटाखाली गेली होती आणि ती सरपटत ती काढत होती. तो तिथेच थांबला आणि मोबाइलवर फोटो काढला. डोळे भरून आले होते त्याचे. मी म्हटलं, आता ती चालते, दाखवते थांबा. तर म्हणाला, राहू द्या मॅडम, हेच पुरे आहे.

कंपनी आठ व्हीलचेअर देणार. मी स्पष्ट विचारलं, पगाराचं काय? त्यानेही स्पष्ट सांगितलं, "मॅडम, खुर्ची दिसते. तिच्या पाठीवर नाव घालता येतं. पगाराच्या पाठीवर काय घालणार?" पण कार्यक्रम नीट झाला आणि मुंबईचे साहेब खूश झाले, तर पुढच्या वर्षी 'अंगण'च्या खर्चाचं तो स्वतः त्यांच्यासमोर मांडेल. शब्द दिला आहे.

कार्यक्रम नीट करणं हे तर माझं कामच. आयुष्यभर तेच केलं.

१२ डिसेंबर

स्नेहलशी वाजलं. ती म्हणते, आठ खुर्च्या आपल्याला नकोतच. दोन मुलांना हवी आहे, तीही त्यांच्या मापाची. या मोठ्या माणसांच्या. "बाई, हा वैभवीचा महत्त्वाचा काळ आहे. आता चार-पाच महिने सुटले तर पाय परत आवळतील. मग मला काही करता येणार नाही."

मी म्हटलं, चार-पाच महिने सुटू नयेत म्हणूनच चाललंय ना हे? तुझा पगार त्यातूनच निघणार आहे. ती म्हणाली, निघेल तेव्हा निघेल. घरी भाऊ विचारायला लागलाय म्हणे की सफाळ्याहून रोज कशासाठी जातेस.

चांगली मुलगी आहे, पण हिला पुढचं दिसत नाही. मागणाऱ्याने हे नको ते नको करून कसं चालेल? खीर-वड्यांना तरी मी कधी नाही म्हटलं?

१७ जानेवारी

साहेबांची तारीख मिळाली, आठ फेब्रुवारी. मंगल कार्यालयाने हॉल फुकट दिला. समई, शाल, श्रीफळ, ईशस्तवनाला कॉलनीतल्या तिघी. सगळं पाठ आहे मला. सुजितने बॅनरचा नमुना पाठवला. वैभवीचा तोच फोटो, जमिनीवरचा, बॅनरच्या अर्ध्या भागात. बाकी अर्ध्यात साहेब.

वैभवी आता वॉकर धरून चालते. दांड्यांपासून माझ्या टेबलापर्यंत येते आणि टेबलावर टकटक करते. स्नेहलने तिला सांगितलंय की साहेबांना हार तू घालायचा, चालत जाऊन. आई घरी रोज जुन्या फुलांचा एक हार करून देते आणि ही तो इथे खांबाला घालते. आज खांबाच्या गळ्यात घालताना तोल गेला, तरी पडली नाही. खांबाला नमस्कारही केला. साहेबांची रंगीत तालीम म्हणे.

शांतारामांना बॅनर दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला, चष्मा काढला आणि पेपर वाचायला घेतला.

५ फेब्रुवारी

सुजितचा फोन. आठ लाभार्थ्यांत वैभवी हवीच. बॅनरवर तीच आहे, साहेब तिलाच विचारणार. मी म्हटलं ती चालत येऊन हार घालणार आहे. मग म्हणाला, "मॅडम, बॅनरवर सरपटणारी मुलगी आणि समोर चालणारी. साहेब मला विचारतील, मग खुर्ची कशाला दिली?"

त्याचंही खरं आहे. त्याची नोकरी आहे.

संध्याकाळी दमयंतीला बाजूला घेऊन समजावलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, तेवढा वेळ बसायचं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बाई, पोरगी चालते हाय ना आता?" मी म्हटलं, चालतेच, पण हे सगळ्या मुलांसाठी आहे. स्नेहलताई टिकायला हवी. तेव्हा म्हणाली, "तुमी सांगाल तसं. तुमीच केलंय तिचं सगळं. आमच्यापाय तुमचं नुकसान नको."

समजूतदार आहे बिचारी. लगेच तयार झाली. स्नेहलला अजून सांगितलेलं नाही.

८ फेब्रुवारी

पार पडलं. पाय दुखताहेत, पण लिहून ठेवते.

सकाळीच खुर्च्या उतरल्या. काळ्या, चकचकीत, प्रत्येकीच्या पाठीवर कंपनीचं नाव. वैभवी निळा फ्रॉक घालून आली, केसांत शेवंतीची वेणी, सोबत केळीच्या पानात हार. वॉकर बरोबर आणला होता. मी तो पडद्यामागे ठेवला आणि तिला खुर्चीत बसवलं. तिचे पाय खालच्या पट्टीपर्यंत पोहोचेनात. "मी चालणार हाय," म्हणाली. लोक यायला लागले होते, माईक चालत नव्हता. मी घाईघाईने तिच्यासमोर वाकले आणि म्हटलं, "शहाणी आहेस ना? आज उठायचं नाही. तू उठलीस तर साहेब पैसे देणार नाहीत आणि स्नेहलताईचा पगार येणार नाही. तुला ताई हवी ना?"

तिने मान हलवली आणि खुर्चीचे हात धरून ठेवले.

साहेब वेळेवर आले. वैभवीसमोर वाकले, तिने बसल्या बसल्या हार घातला. साहेबांनी बॅनरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि रुमाल काढला. एवढ्या वर्षांत इतका नीट कार्यक्रम माझ्या हातून झाला नव्हता. केबलवाल्यांनीही चित्रण केलं.

स्नेहल पहिल्या रांगेत होती. हार घालायच्या वेळी उठून बाहेर गेली. लोकांसमोर असं करतात का?

मधे एकदा वैभवीने माझ्या साडीला धरून विचारलं, "उठू आता?" मी म्हटलं, अजून नाही, थांब जरा. पुढे आभार, अल्पोपहार, साहेबांना गाडीपर्यंत सोडणं, यातच गुंतले. परत आले तर हॉल रिकामा होता. कंपनीच्या टेम्पोने चिंचणीच्या बाजूच्या मुलांना खुर्च्यांसकट घरी सोडलं, असं कळलं. बरं झालं, टमटमचा त्रास वाचला.

वॉकर पडद्यामागेच राहिला.

१ मार्च

स्नेहल गेली. वसईच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. जाताना थकलेल्या पगाराचा शब्दही काढला नाही. मुलांच्या आयांना व्यायाम दाखवून गेली. मी म्हटलं, थोडं थांबली असतीस, सुजितने शब्द दिलाय. ती म्हणाली, "बाई, तुम्ही कार्यक्रम फार छान केलात." कौतुक केलं की काय केलं, कळलं नाही.

वैभवी कार्यक्रमानंतर आलेली नाही. दमयंतीचा फोन लागत नाही. शेवंती संपत आली, मोगरा सुरू होईल, हाराच्या कामात असेल.

११ एप्रिल

सुजित स्वतः आला, हे त्याचं मोठेपण. साहेब फार खूश आहेत. इतके खूश की यंदा असेच कार्यक्रम आणखी पाच तालुक्यांत करायचे ठरले आहेत. आमचं काय विचारलं, तर म्हणाला, तुमच्याकडे तर आता झालं ना मॅडम. एका ठिकाणी दोनदा देता येत नाही. त्याने साहेबांसमोर मांडलं होतं म्हणे. मांडलं असेलही. जाताना त्याने एक फोटो फ्रेम करून दिला, साहेब आणि वैभवीचा. वैभवी साहेबांकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याकडेही नाही. बाजूला बघतेय. मी त्या वेळी तिथेच उभी होते.

फ्रेम कुठे लावू? भिंतच राहणार नाहीये. स्नेहल नाही, पैसा नाही, महिनाअखेरीला शेड सोडायची आहे.

३० एप्रिल

शेड सोडली. शांताराम पाना घेऊन आले आणि त्यांच्या दांड्या काढून घेतल्या. जमिनीत चार भोकं राहिली. मंगल कार्यालयवाल्यांना तिथे भांडी ठेवायची आहेत.

मुलं शेवटच्या दिवशी हसत होती. त्यांना सुट्टी वाटली. बबलूने तो लग्नातला कोट घातला होता. त्याची आई म्हणाली, "आता दिवसभर कुठं ठेवू याला, कामावर जाताना?" एवढ्या लोकांपुढे हात पसरले, हात जोडले, नारळ घेतले, आणि शेवटी हाती काय, तर एक फ्रेम आणि वैभवीचा वॉकर.

मला आता काही करावंसं वाटत नाही. सकाळी उठावंसंही वाटत नाही.

१४ जून

आज जेवताना मी बोलले नाही. शांतारामांनी दोनदा विचारलं, चिंचणीला काय झालं. त्यांना सांगता आलं नाही, इथे लिहिते.

वॉकर पोहोचवायचा म्हणून गेले. खरं तर शांताराम महिनाभर मागे लागले होते, त्यांनी त्याला नवे रबरी बूटही बसवले होते. टमटमने नाक्यापर्यंत आणि पुढे विचारत विचारत. कैलास वाडीत होता. दमयंती ओटीवर मोगरा निवडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा टाकला. फोन पाण्यात पडला होता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

वैभवी दारासमोर त्या खुर्चीत बसली होती, मांडीवर मोगऱ्याचं ताट. खुर्चीच्या पाठीवरचं कंपनीचं नाव उन्हाने उडत चाललंय. ती थोडी जाड झालीय. एका गुडघ्यावर दुसरा गुडघा चढलेला होता, पहिल्या दिवशी होता तसा.

मी दमयंतीला विचारलं, व्यायाम? ती म्हणाली, "ताईंनी दाखवलेला करायला बघितला, पण ती उठतच नाय. बापानं उचललं तर खुर्चीला धरून रडते. खाली झोपवायचं ते बी रात्री, डोळा लागल्यावर. आमाला वाटलं, खुर्ची आवडली हाय."

मी वॉकर तिच्यासमोर ठेवला. नवे बूट दाखवले. म्हटलं, ऊठ बघू, माझ्यापर्यंत ये, टकटक कर. तिने वॉकरकडे बघितलं. हात पुढे केला आणि परत मागे घेतला.

"नाय," म्हणाली. "ताईचा पगार आला नाय ना अजून?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. मी तिथे ओटीच्या पायरीवर बसले. त्या दिवशी माईक चालत नव्हता, लोक येत होते, मी वाकून तिला काहीतरी सांगितलं होतं आणि उठून गेले होते. ऊठ म्हणून सांगायला कुणी परत गेलंच नाही. मी गेले नाही. फेब्रुवारीपासून ही बसलीय. आम्ही सगळे हरलो, शेड गेली, दांड्या गेल्या, आणि ही एकटी अजून ठरल्याप्रमाणे काम करतेय.

दमयंती माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी म्हटलं, "आला गं. आला पगार. सगळा आला. ऊठ आता."

तिचा चेहरा असा उजळला. ताट आईकडे दिलं, खुर्चीचे हात धरले आणि अंग वर ओढलं. गुडघे सुटले नाहीत. परत ओढलं. मग पुढे कोसळायला लागली तेव्हा दमयंतीने धावत येऊन तिला काखेत धरलं. मोगरा सगळा खाली सांडला. वैभवी रडली नाही. आईच्या हातांत लोंबकळत ती माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघत होती.

"मंग ताई कुठं हाय?"

मी म्हटलं, येतेय. टमटम चुकली असेल तिची.

दमयंतीने तिला परत खुर्चीत ठेवलं. तिने फ्रॉक नीट केला, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.